महाधमनीचा सीटी : पणजीजवळच्या एका निदान केंद्राचे परीक्षण

पणजीच्या आसपास असलेल्या एका खासगी निदान केंद्रात माझ्या वडिलांच्या महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, सीटी अ‍ॅन्जिओग्राम (शिरेतून औषध देऊन काढलेला रक्तवाहिनीचा सीटी) यंदा चवथीच्या आधी करून घेतला. केंद्राकडे ड्युअल सोर्स, म्हणजे दोन एक्स-रे नळ्यांचे, यंत्र आहे आणि तिथे हा स्कॅन हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून, म्हणजे ईसीजी गेटिंग करून, काढतात. हे परीक्षण त्या सेवेचे आहे आणि तितकेच त्या तंत्राचेही. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. यंत्रे बदलतात, तंत्रज्ञ नोकऱ्या बदलतात. आणि वाचक पेडण्याचा असो वा काणकोणचा, कोणते प्रश्न विचारून केंद्र निवडावे हे त्याला कळले, तर ते नावापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

बाबांच्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. शंभरातल्या एक-दोन माणसांत असे आढळते आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र अशा झडपेबरोबर हृदयातून वर जाणारा महाधमनीचा भाग वर्षानुवर्षे हळूहळू रुंदावत जाण्याची शक्यता असते. तो साधारणपणे ४ सेंटिमीटरच्या आत असायला हवा. बाबांचा पहिल्या तपासणीत ४.४ होता. त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रातल्या साध्या, गेटिंग नसलेल्या स्कॅनमध्ये तो ४.८ लिहून आला आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. कारण उघड होते. शल्यविशारद शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ आकारावर घेत नाहीत, वाढीचा वेगही पाहतात. सर्वसाधारण मर्यादा ५.५ सेंटिमीटरची, आणि घराण्यात महाधमनी फाटल्याचा इतिहास किंवा तसे अन्य धोके असल्यास ५ सेंटिमीटरची मानली जाते. परंतु एका वर्षात ५ मिलिमीटर, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ३ मिलिमीटर वाढ झाली, तर आकार मर्यादेच्या आत असूनही शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. म्हणजे बाबा त्या रेषेपासून केवळ एका मिलिमीटरवर होते. हृदयरोगतज्ज्ञांनी तो अहवाल पाहून एवढेच म्हटले, की या आकड्यावर छाती उघडण्याचा निर्णय घेता येणार नाही, आधी गेटिंगसह स्कॅन करून आणा.

गेटिंगचे महत्त्व समजण्यासाठी महाधमनीचे मूळ कुठे असते ते लक्षात घ्यावे लागते. ते थेट हृदयाला जोडलेले असते. प्रत्येक ठोक्यागणिक ते काही मिलिमीटर खालीवर सरकते आणि किंचित पीळही घेते. श्वास रोखता येतो, हृदय रोखता येत नाही. साध्या स्कॅनमध्ये यंत्र रुग्णाभोवती फिरत असताना हृदय आपले काम करतच राहते, आणि परिणामी मुळाजवळची भिंत चित्रात दुहेरी उमटते. ही दुहेरी रेघ काही वेळा इतकी खरी भासते, की महाधमनीचे आतले अस्तर फाटले आहे, म्हणजे डिसेक्शन झाले आहे, अशी शंका यावी. गेटिंगमध्ये छातीला ईसीजीचे पॅच लावलेले असतात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या, हृदय त्यातल्या त्यात शांत असलेल्या क्षणीच चित्र टिपले जाते. ठोके मिनिटाला ७५ असतील तर एका ठोक्याला ८०० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातला खरा स्थिर काळ त्याहून पुष्कळच कमी असतो. यंत्र तेवढ्या वेळात काम उरकू शकते का, हाच कळीचा प्रश्न आहे.

इथे ड्युअल सोर्स यंत्राचा खरा उपयोग होतो. एका एक्स-रे नळीच्या यंत्राला चित्रासाठी साधारण अर्धा फेरा लागतो, फेरा ०.३५ सेकंदाचा असेल तर सुमारे १७५ मिलिसेकंद. सीमेन्स कंपनीने २००५ मध्ये एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या दोन नळ्यांचे यंत्र आणले आणि अर्ध्या फेऱ्याचे काम पाव फेऱ्यात होऊ लागले. पहिल्या यंत्रात हा काळ ८३ मिलिसेकंद होता, पुढच्या पिढ्यांत तो ७५ आणि मग ६६ मिलिसेकंदांवर आला. शिवाय नंतरच्या यंत्रांत टेबल इतक्या वेगाने सरकवता येते, की छातीतली संपूर्ण महाधमनी एका सेकंदाच्या आत टिपून होते. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी काढला, तेव्हा एकेका छेदाला काही मिनिटे लागत होती. हे ठाऊक असल्यामुळे बाबांचा स्कॅन डोळ्यांदेखत उरकला, तेव्हा मला खरोखर भरून आले.

आपल्याकडे जाहिरातीच्या फलकांवर मात्र केवळ स्लाइसचा, म्हणजे एका फेऱ्यात मिळणाऱ्या छेदांचा, आकडा झळकतो. ६४, १२८, २५६. हा आकडा निरर्थक नाही. एका फेऱ्यात शरीराचा किती भाग किती बारकाईने टिपला जाईल हे त्यावर ठरते, आणि १६ सेंटिमीटरचा पट्टा एकाच फेऱ्यात घेणारी यंत्रे तर संपूर्ण हृदय एका ठोक्यात टिपतात. तरीही महाधमनीच्या मुळापुरते बोलायचे, तर १२८ स्लाइसच्या यंत्रावर गेटिंगविना काढलेल्या स्कॅनपेक्षा ६४ स्लाइसच्या यंत्रावर नीट गेटिंग करून काढलेला स्कॅन मी केव्हाही पसंत करेन. बाबांचा ४.८ लिहिणारा स्कॅन १२८ स्लाइसच्याच यंत्रावर झाला होता. तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : महाधमनीचा स्कॅन गेटिंगसह करता का, की साधा? या केंद्रात फोन उचलणाऱ्या मुलीला याचे उत्तर ठाऊक नव्हते, परंतु तिने उडवून न लावता फोन थेट तंत्रज्ञाकडे दिला, आणि त्यांनी वडिलांचे ठोके किती असतात, ते अनियमित आहेत का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे विचारून मगच वेळ दिली. एवढ्याने माझा निम्मा निर्णय झाला होता.

स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल मागितला गेला, कारण शिरेतून द्यायचे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. बाबांचे मूत्रपिंड वयोमानाप्रमाणे थोडे मंदावलेले आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेता का, आधी कधी या औषधाची (डायची) अ‍ॅलर्जी आली होती का, थायरॉइडचा त्रास आहे का, हे सर्व छापील अर्जावर होते आणि अर्ज मराठीत उपलब्ध होता, याची आवर्जून नोंद करतो. तंत्रज्ञांनी एक्स-रेचा दाब १०० किलोव्होल्टवर ठेवला. कमी दाबावर आयोडीन अधिक उजळ दिसते, त्यामुळे औषध कमी लागते आणि किरणेही कमी लागतात. सडपातळ माणसाला हा दुहेरी फायदा मिळतो. बाबांना ६० मिलिलिटर औषध पुरले.

सुई उजव्या हाताला लावली गेली. मी कारण विचारले, तेव्हा तंत्रज्ञ बाईंनी सांगितले, की डाव्या हाताची शीर महाधमनीच्या कमानीवरून जाते आणि तिच्यातून जाणाऱ्या दाट औषधाच्या झळाळीने कमानीचे चित्र खराब होते. इतकी नेमकी माहिती देणारा माणूस टेबलाशी उभा असला, की रुग्णाच्या नातेवाइकाला केवढा धीर येतो, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. यंत्रातून येणारी श्वास रोखण्याची ध्वनिमुद्रित सूचना इंग्रजीत होती. बाईंनी ती बंद केली आणि माइकवरून स्वतः कोकणीत सूचना दिल्या, आधी दोनदा सराव करून घेतला. बाबांना थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे ही साधी गोष्ट निर्णायक ठरली; श्वास चुकला असता तर सगळी अचूकता वाया गेली असती. औषध सुटल्यावर अंगभर ऊब पसरेल, तोंडाला धातूसारखी चव येईल, लघवी झाल्यासारखे वाटेल आणि यातले काहीही घाबरण्यासारखे नाही, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. काचेपलीकडच्या पडद्यावर महाधमनीत एक लहानसे वर्तुळ आखलेले होते. औषध तिथे पोहोचून उजळपणा ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला आणि यंत्राने आपोआप स्कॅन सुरू केला. तो उजळपणा ज्या एककात मोजतात, त्याला हाउन्सफिल्ड यांचेच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००.

आता मापनाकडे येतो, कारण बाबांच्या बाबतीत सगळे पाणी तिथेच मुरत होते. महाधमनी सरळ उभी नळी नाही. ती हृदयातून तिरकी वर निघते, कमान घेते आणि मागून खाली उतरते. यंत्र मात्र शरीराचे आडवे छेद देते. काकडी सरळ आडवी कापली की चकती गोल येते आणि तिरकी कापली की लांबट येते. तसेच इथे होते. लांबट छेदाची लांब बाजू मोजली, तर आकडा फुगलेला मिळणार. गणित सोपे आहे : ४.४ सेंटिमीटरची नळी सुमारे २४ अंशांनी तिरकी कापली गेली, तर लांब बाजू ४.८ भरते. म्हणून चांगल्या केंद्रात महाधमनीच्या मधोमध जाणारी रेषा संगणकावर आखतात आणि प्रत्येक ठिकाणी त्या रेषेला काटकोनात छेद घेऊन मगच मोजतात.

इथल्या रेडिओलॉजिस्टनी मला शेजारी बसवून दोन्ही स्कॅन एकाच पडद्यावर उघडले. जुन्या स्कॅनची सीडी सोबत आणायला केंद्राने फोनवरच बजावले होते. डावीकडे जुने चित्र होते : मुळाजवळ भिंतीची कड दोन ठिकाणी दुपदरी झालेली, छेद अंड्यासारखा लांबट, आणि मोजपट्टीची रेघ नेमकी लांब बाजूने, दुपदरी दिसणाऱ्या कडेच्या बाहेरच्या पदरापर्यंत ओढलेली. उजवीकडे नवे चित्र : एकच स्वच्छ कड, झडपेच्या दोन पाकळ्यांमधली फटही दिसत होती. त्यांनी नव्या स्कॅनमध्ये काटकोनात छेद घेऊन मोजले, ४.५ आले. मग तीच रीत जुन्या सीडीवर वापरली, तर तिथेही ४.५ च्या आसपासच आकडा मिळाला. भिंत अस्पष्ट असल्यामुळे मिलिमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पहिल्या तपासणीतले ४.४ आणि आताचे ४.५ यांतला फरक मापनाच्या नेहमीच्या चुकीत बसणारा आहे. म्हणजे ज्या वाढीने आम्ही रात्री जागून काढल्या, ती वाढ झालेलीच नव्हती.

या एका गोष्टीमुळे अहवालाच्या दर्जाबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे. या केंद्राच्या अहवालात महाधमनीचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मोजलेले आहेत : झडपेलगतचा फुगीर भाग, त्याच्या वरची सांध्याची जागा, वर जाणाऱ्या भागाचा मध्य, कमान, कमानीनंतरचा भाग आणि छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या पातळीवरचा उतरता भाग. मापे काटकोनी छेदात घेतली आहेत, ठोक्याच्या विश्रांतीच्या टप्प्यात घेतली आहेत, आणि मागच्या स्कॅनचे त्याच जागचे फेरमापन शेजारी दिले आहे. ‘वर जाणारी महाधमनी रुंदावलेली, ४.८ सेमी’ अशी एक ओळ लिहून मोकळ्या होणाऱ्या अहवालात आणि या अहवालात जमीनअस्मानाचा फरक आहे. एक उणीव मात्र आहे. मापात भिंतीची जाडी धरली आहे की केवळ आतली पोकळी, याचा उल्लेख अहवालात नाही. विचारल्यावर तोंडी उत्तर मिळाले. ते कागदावर असायला हवे होते, कारण पुढच्या वर्षी अहवाल वाचणारी व्यक्ती वेगळी असू शकते आणि दोन रीतींमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

किरणांच्या मात्रेबद्दलही हेच म्हणावे लागेल. अहवालात ती छापलेली नव्हती, मागितल्यावर मिळाली : २८० मिलिग्रे-सेंटिमीटर. छातीसाठी वापरल्या जाणाऱ्या ०.०१४ या गुणकाने ती सुमारे ४ मिलिसिव्हर्ट होते. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हे ध्यानात घेतले तर ही मात्रा भीतीदायक नाही. परंतु ज्याला दरवर्षी तपासणी लागणार आहे त्याच्या बाबतीत तिचा हिशेब ठेवलाच पाहिजे. गेटिंगच्या जुन्या पद्धतीत ठोक्याच्या संपूर्ण काळात किरणे चालू राहत आणि मात्रा पुष्कळ वाढे. आता ठरावीक टप्प्यापुरतीच किरणे सोडता येतात. कोणती पद्धत वापरणार, हे आधी विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि इथे त्याचे उत्तर न कंटाळता दिले गेले.

तक्रारी आणखी दोन आहेत. ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला, आणि उपाशीपोटी आलेल्या वृद्धांना नेमके किती वेळ थांबायचे हे सांगणारे प्रतीक्षागृहात कोणी नव्हते. साखळीहून पहाटे निघालेल्या माणसाला हे जड जाते. दुसरे म्हणजे चित्रांची सीडी त्याच दिवशी मिळाली, पण लेखी अहवालाला दोन दिवस लागले. फेरमापनाचे काम पाहता ते समजून घेता येते, तरी आधी सांगितले असते तर दुसरी खेप टळली असती. खर्च साध्या स्कॅनपेक्षा अधिक आला, दहा-बारा हजारांच्या घरात, आणि त्यात औषधाचे पैसे धरलेले होते. अनावश्यक भीती आणि त्यापोटी झालेल्या धावपळीचा खर्च धरला, तर मला तो महाग वाटला नाही.

याहून पुढचे तंत्र आता आलेले आहे. कॅडमियम टेल्युराइडचे संवेदक एक्स-रेचा एकेक फोटॉन थेट मोजतात, आणि असे पहिले यंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य केले. ज्यांच्या महाधमनीत स्टेंट (आधाराची धातूची जाळीदार नळी) बसवलेला आहे, किंवा भिंतीत चुन्याचे थर जमले आहेत, त्यांच्यासाठी ते मोलाचे ठरेल, कारण धातूच्या आणि चुन्याच्या झळाळीखाली दडलेली बारीक गळती त्यात अधिक स्पष्ट दिसते. बाबांसारख्या रुग्णाचा प्रश्न केवळ रुंदी अचूक मोजण्याचा आहे. त्यासाठी उत्तम गेटिंग आणि काटकोनी मापन पुरेसे आहे, आणि नव्या यंत्रासाठी मुंबई-बंगळुरू गाठण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

एक सूचना तातडीच्या प्रसंगाविषयी. छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी असह्य कळ आली, तर कोणत्याही निदान केंद्राची वेळ घेण्यात एक मिनिटही दवडू नये. १०८ ला फोन करून थेट बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वर जाणाऱ्या महाधमनीचे डिसेक्शन तासांच्या हिशेबात जीव घेते आणि तिथे स्कॅननंतर लगेच शस्त्रक्रियागृह लागते. या परीक्षणात वर्णिलेली सेवा ठरवून, शांतपणे करायच्या तपासणीसाठी आहे.

बाबांची शस्त्रक्रिया तूर्त टळली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि पालखीला खांदा देणे डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंदच आहे; ४.५ सेंटिमीटरची महाधमनी असलेल्या माणसाने दम रोखून जड ओझे उचलू नये. अशा रुग्णाचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांनी एकदा इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावी असेही सांगितले गेले, कारण अशी झडप घराण्यात उतरू शकते. माझी आणि माझ्या बहिणीची तपासणी झाली, दोघांच्याही झडपा व्यवस्थित आहेत. पुढची तपासणी वर्षभराने आहे. ती किरणे टाळण्यासाठी एमआरआयने करावी की तुलना सोपी जावी म्हणून याच केंद्रात याच पद्धतीने, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. सीटीच करायचा ठरला तर मी याच केंद्रात जाईन, आणि त्या वेळी भिंतीसह की भिंतीविना मोजले, तसेच किरणांची मात्रा किती, या दोन्ही नोंदी अहवालावर छापून देण्याची विनंती वेळ घेतानाच लेखी देईन.